अलॉय व्हील घेताना या चुका टाळा: दिसायला सारखी, मग किमतीत एवढा फरक का?

सोळा इंचाची दोन अलॉय व्हील शेजारी ठेवा. काळा रंग तोच, दहा स्पोक तेच, चकाकीही तीच. पण एका चाकाच्या पैशात दुसऱ्याचा चारचा अख्खा सेट येतो. मग साहजिकच वाटतं, जास्तीचे पैसे नावाचे असणार. नावाचे थोडे असतातही. मोठा फरक मात्र धातूच्या पोटात असतो आणि तो समोरून दिसत नाही. म्हणून आधी चाक पालथं करून बघा.

चूक पहिली: फक्त समोरची बाजू बघणं

चाकाची किंमत ठरते ते कसं घडवलंय यावरून. सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम वरून साच्यात ओतणं. ओतताना हवा अडकली की धातूत बारीक पोकळ्या राहतात. त्यांची भरपाई म्हणून धातू जाड ठेवावा लागतो आणि चाक जड होतं. दुसऱ्या पद्धतीत तोच रस खालून, हवेच्या दाबाने, हळूहळू साच्यात चढवतात. त्यामुळे धातू जास्त एकसंध बसतो. नव्या गाड्यांसोबत येणारी बहुतेक अलॉय व्हील अशीच बनलेली असतात.

त्याच्या वरची पायरी फ्लो फॉर्मिंगची. ओतलेलं चाक तापवून गरगर फिरवतात आणि त्याच्या बाहेरच्या नळकांड्यावर, म्हणजे बॅरलवर, रोलर दाबून ते लांबवतात. बॅरल पातळ होऊनही मजबूत राहतं. सगळ्यात वर घडीव चाक. ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा तापवून हजारो टनांच्या प्रेसखाली दाबतात आणि मग मशीनवर स्पोक कोरून काढतात. ठोकळ्यातला बराच धातू चुरा होऊन जातो, मशीनचे तासही पुष्कळ लागतात. घडीव चाकाची किंमत तिथे वाढते, आणि ती मला अवाजवी वाटत नाही.

आणखी एक खर्च अजिबात दिसत नाही, तो म्हणजे उष्णतेचा. ए३५६ या नेहमीच्या मिश्रधातूचं चाक ओतून झाल्यावर सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात झटकन थंड करतात आणि मग पुन्हा कमी आचेवर काही तास भट्टीत ठेवतात. या प्रक्रियेला टी६ म्हणतात. चाकाची ताकद तिथे येते. ही पायरी कोणी घाईत उरकली किंवा प्रत्येक चाकाची एक्स-रे तपासणी टाळली, तर पैसे वाचतात आणि रंगाखाली काहीच कळत नाही.

चूक दुसरी: हलकं म्हणजे भारी, असं समजणं

घडीव चाक हलकं असतं हे खरं. पण ओतीव चाक स्वस्तही आहे आणि हलकंही आहे, तर मला पहिली शंका येते की धातूच कमी घातलाय. घरातल्या वजनकाट्यावर चाक ठेवा आणि कंपनीच्या मूळ चाकाशी ताडून बघा.

चाक किती वजन पेलेल, याचं उत्तर मागच्या बाजूला, स्पोकच्या मुळाशी किंवा हबच्या, म्हणजे चाक जिथे गाडीला बसतं त्या मधल्या भागाच्या, आसपास उठावात कोरलेलं असतं: भारक्षमता. हिशोब सोपा आहे. गाडीच्या मागच्या ॲक्सलला जास्तीत जास्त १,१०० किलो भार चालत असेल, तर त्याच्या दोन चाकांपैकी प्रत्येकावर निदान ५५० किलोचा आकडा हवा. आकडाच नसेल, तर ते चाक घेऊ नका. यात मी कुणालाच सूट देत नाही.

तिथेच जेडब्ल्यूएल हे जपानी मानकाचं चिन्ह दिसेल. त्यात वळणावरचा ताण, उभा भार आणि आघात अशा चाचण्या येतात. पण हे चिन्ह उत्पादक स्वतःच्या चाचणीवर लावतो. सोबत व्हीआयए असेल तर त्रयस्थ तपासणीनंतर नोंदणी झाली असा त्याचा अर्थ. अक्षरं साच्यात कोरणं नकलाकारालाही जमतं, म्हणून चाचणीचा कागद मागा.

चूक तिसरी: ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ यावर भुलणं

एकाच साच्यातलं चाक अनेक गाड्यांना विकता आलं की ते स्वस्त पडतं. म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिलिमीटर. तुमच्या गाडीचा हब ५४.१ चा असेल, तर मधली फट हब रिंगने भरावी लागते. रिंग राहून गेली की ताशी ८०-१०० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करून थकतो, कारण बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक अगदी बरोबर असतं. अशा वेळी आधी चाक उतरवून रिंग आहे का ते बघा.

बोल्टच्या वर्तुळात तडजोड नकोच. ५×११२ च्या, म्हणजे पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाच्या, हबवर ५×११४.३ चं चाक रेटून बसतं, पण नट तिरके आवळले जातात आणि चालत्या गाडीत सैल होतात.

टायर वळणावर घासत असेल, तर ऑफसेटचा, म्हणजे हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे याचा, हिशोब करा. मूळ चाक ६.५ इंच रुंद, ऑफसेट (ईटी) ४५. नवं ७.५ इंच, ईटी ३५. एक इंच वाढला म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १० ने घटला, म्हणजे चाक तेवढंच बाहेर सरकलं. एकूण २२.७ मिलिमीटर बाहेर! टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, लागू शकतो.

हवा कमी होतेय, पण पंक्चर सापडत नाही

टायरमध्ये पूर्ण हवा भरा आणि चाकाच्या मागच्या बाजूने साबणाचं पाणी फासून थांबा. व्हॉल्व्ह आणि टायरच्या कडेला बुडबुडे नसतील आणि स्पोक बॅरलला मिळतो तिथे मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ उठत असेल, तर धातूच सच्छिद्र आहे किंवा त्याला तडा गेलाय. असं चाक वेल्डिंग करून पुन्हा लावू नका. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या धातूची टी६ ची ताकद निघून जाते, आणि तडा बहुधा त्याच्याच शेजारी पुन्हा जातो.

शेवटची चूक बसवतानाची. मूळ चाकाचे नट गोल बैठकीचे (बैठक म्हणजे नट चाकावर टेकतो तो भाग) आणि नव्या चाकाची बैठक ६० अंशांच्या शंकूची असेल, तर नट फक्त कडेवर टेकतात. नव्या चाकाचे नट वेगळे घ्या, चांदणीसारखे समोरासमोर आवळा आणि गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, द्या. नव्या चाकाच्या बैठकीतला रंग पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतो आणि नटांवरचा ताण उतरतो. म्हणून ८०-१०० किलोमीटर झाले की चाकं थंड असताना टॉर्क रेंच पुन्हा एकदा लावा.