नावातला शब्द वर आणायचाय? फुलटेक्स्ट स्कोअरची बेरीज अशी करा

समजा नाशिकमधल्या मिसळवाल्यांची, हॉटेलांची यादी मायएसक्यूएल डेटाबेसमधे आहे, नाव, वर्णन, पत्ता असे कॉलम, सगळं इंग्रजी अक्षरात टाइप केलेलं (आपल्याकडे असतंच तसं), आणि कोणी 'नाशिक मिसळ' शोधलं. ज्याच्या नावातच मिसळ आहे तो वर यायला हवा ना, पण येतं एखादं डोसेवालं, कारण त्याच्या वर्णनात कोणीतरी चारदा मिसळ मिसळ लिहून ठेवलंय. तिन्ही कॉलमचा एकच फुलटेक्स्ट इंडेक्स (मजकुरातले शब्द शोधायची सूची) असला की शब्द कुठल्या कॉलममधे सापडला हे स्कोअरला (शोधाशी किती जुळतं त्याच्या आकड्याला) कळतच नाही.

म्हणून प्रत्येक कॉलमवर वेगळा फुलटेक्स्ट इंडेक्स टाका, तिघांचा मॅच-अगेन्स्ट (हा स्कोअर देणारं फंक्शन) वेगळा काढा आणि बेरीज करताना नावाला ५ ने गुणा, वर्णनाला २ ने, पत्ता तसाच. आकडे अंदाजाचेच, स्वतःच्या डेटावर सर्च मारून बदला. जुना एकत्र इंडेक्स मात्र काढू नका, व्हेअरमधे (ओळी गाळायच्या अटीत) तोच वापरा, तिथे तीन मॅच ऑरने जोडले तर क्वेरी रांगायला लागते.

आता खरी गोची. शब्द जितका दुर्मिळ तितका स्कोअर जास्त, इनोडीबी (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) तर ही दुर्मिळता दोनदा गुणतो, आणि मोजतो प्रत्येक इंडेक्सपुरती. पत्त्यात 'नाशिक' सगळीकडे, म्हणून तिथे जवळपास शून्य, पण नावांमधे 'नाशिक' मोजकंच, त्यात वरून आपले ५, की झालं, 'नाशिक' नावाचं कुठलंही लॉज पहिल्या नंबरावर! सोपा उपाय म्हणजे 'नाशिक' स्टॉपवर्डच्या (शोधात न धरायच्या शब्दांच्या) टेबलात टाका आणि इंडेक्स पुन्हा बनवा. तरी एखादा कॉलम दादागिरी करत असेल तर स्कोअर सोडाच, प्रत्येक कॉलमच्या स्कोअरप्रमाणे हॉटेलांचा क्रम काढा आणि १ भागिले (६० + क्रम) यांची बेरीज करा, २००९ च्या एका पेपरमधली पद्धत आहे, ६० तिथलेच, मस्त चालते.

रिव्ह्यू वेगळ्या टेबलात असतील तर त्यांच्या स्कोअरचा सम (बेरीज) घेऊ नका, मॅक्स (सगळ्यात मोठा) घ्या, नाहीतर ज्याला रिव्ह्यू जास्त तोच कायम वर. आणि लेफ्ट जॉइन केलात तर कोअलेस फंक्शन लावून नलचा (रिकाम्या किमतीचा) शून्य करा, रिव्ह्यू नसलेल्याची अख्खी बेरीजच नल होते.

पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांना कॉलमला वजन द्यायला सेटवेट तयार मिळतं, ए बी सी डी अशा चार पायऱ्या, त्यांची डिफॉल्ट वजनं १, ०.४, ०.२, ०.१. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मधे (त्याची फुलटेक्स्ट सर्चची सोय) बीएम२५ या स्कोअरच्या फंक्शनला कॉलमचे वेट थेट देता येतात, फक्त तिथे स्कोअर निगेटिव्ह येतो, म्हणून ऑर्डर बायला डिसेंडिंग लावू नका.