जीरो बघायला मोर्तिरोलो घाटावर जायचंय? मग असं करा

जीरो द'इटालिया ही इटलीची मोठी सायकल रेस मे महिन्यात तीन आठवडे चालते, रूट कितीतरी आधी जाहीर होतो, तो बघून डोंगराची एक स्टेज (एका दिवसाचा टप्पा) पकडा आणि मगच हॉटेल बुक करा. सपाट स्टेजच्या नादी लागू नका, तिथे सगळा घोळका सूंऽऽ करून जातो, संपलं. चढावर रायडर्सचे चेहरे दिसतात, धापा ऐकू येतात.

रूटमध्ये मोर्तिरोलो असेल तर मुक्काम पायथ्याजवळच्या तिरानो गावात, मिलानहून थेट रिजनल ट्रेन आहे, सायकलचं तिकीट वेगळं काढायचं. मात्सो गावाकडून चढ साधारण १२ किमी, सरासरी १० टक्क्यांच्या वर, मधे १८ पर्यंत, म्हणून भाड्याची सायकल घेताना मागच्या चाकाला ३४ दातांपर्यंतची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) मागून घ्या (हिरोगिरी करायची तर तुमची मर्जी). चढावर नाव कमावलेला इटालियन सायकलपटू मार्को पांतानी, त्याचं स्मारक याच वाटेवर लागतं.

सकाळीच निघा, रस्ता रेसच्या कितीतरी आधी बंद होतो, आणि पोलिस सायकलवरून उतर म्हणाले की उतरायचं, हुज्जत नको. पाणी, सँडविच आणि जाकीट हवंच, मे असला तरी वर गारठा असतो. आधी जाहिरातींच्या गाड्या येतात, टोप्याबिप्या फेकतात. शेवटचा रायडर गेला तरी लगेच खाली सुटू नका, रेस संपल्याची पाटी लावलेली गाडी जाऊ द्या.