डिजिटल चित्रात रेघ थरथरते? आधी या चुका टाळा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्रात तांब्याची कड एका दमात काढलेला हात पेन टॅबलेटवर आला की लटपटतो. मग रेघ आपोआप सफाईदार करणाऱ्या सोयीबद्दल पहिला प्रश्न येतो, ‘स्टॅबिलायझर किती ठेवू?’ चूक इथेच सुरू होते.

रेघ थरथरते ती बहुतेक वेळा हात फार हळू चालतो म्हणून. गणपतीची सोंड घ्या. कपाळापासून टोकापर्यंत तो एकच लांब, वळणदार प्रवाह आहे. आपण मात्र मनगट टेकवून ती बोटभर तुकड्यांत जोडत जातो आणि सोंड केसाळ दिसते. मनगटाचा घेर लहान असतो. तो संपला की रेघ आपोआप आतल्या बाजूला वळते. लांब वळणाला कोपर आणि खांदा लागतो. पेन न टेकवता तेच वळण दोन-तीनदा हवेत फिरवा. नजर निबवर, म्हणजे पेनाच्या टोकावर नको, रेघ जिथे संपणार तिथे ठेवा आणि एका ओढीत काढा. चुकली तर डागडुजी करू नका, अनडू करून पूर्ण रेघ पुन्हा ओढा.

हाताला सोपी पडते तीच दिशा निवडा. कागद आपण सहज फिरवतो, मग कॅनव्हास का नाही? क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ४ आणि ६ या कळांनी तो फिरतो, ५ ने सरळ होतो. झूमही बेताने करा. ४०० टक्क्यांवर सोंड पडद्यात मावतच नाही, म्हणून पुन्हा तुकडे पडतात.

आता स्टॅबिलायझर. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये याच कामाला स्ट्रीमलाइन आहे. तो हाताच्या हालचालीची सरासरी काढतो, म्हणून रेघ पेनाच्या मागून येते आणि टोकदार कोपरे गोल होतात. कानाच्या मोठ्या वळणाला तो जरूर लावा. मुकुटाच्या नक्षीला, नखांना मात्र कमी करा, नाहीतर सगळं चित्र मेणासारखं गुळगुळीत होतं. मला अशी निर्जीव रेघ थरथरत्या रेघेपेक्षा जास्त खटकते.

काही दोष हाताचे नसतातच. गोल काढला की अंडाकृती येतो? १६:१० प्रमाणाचा (रुंदी:उंची) टॅबलेट १६:९ च्या पडद्यावर ताणला गेला असेल, किंवा दोन मॉनिटरवर पसरला असेल. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडा. विंडोजवर रेघेच्या सुरुवातीला बारीक वर्तुळ उमटून रेघ अडकत असेल, तर पेन दाबून धरल्यावर राइट क्लिक होण्याची सोय बंद करा. कडा पायऱ्यांसारख्या दिसत असतील तर कॅनव्हास लहान आहे. छापायच्या ए४ चित्राला ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

तरीही शंका राहिली तर स्टॅबिलायझर बंद करा, टॅबलेटवर प्लास्टिकची पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. ती सरळ आली तर सराव हवा. पट्टी असूनही लाटा उमटल्या तर दोष यंत्रात आहे: चार्जर काढून पाहा, निब झिजली असल्यास बदला, ड्रायव्हर नव्याने टाका. काही टॅबलेटवर सावकाश तिरक्या रेघेत लाटा येतातच. तिथे थोडा स्टॅबिलायझर लावणं अगदी योग्य.