द्राक्षाच्या रसापासून ब्युरेटची ओळख

नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवी द्राक्षे सहज मिळतात, म्हणून अकरावीच्या विद्यार्थ्यांना अनुमापन (ज्ञात तीव्रतेचे द्रावण किती लागले यावरून पदार्थाचे प्रमाण काढणे) शिकवताना त्यांच्या रसातील आम्लता मोजायला द्यावी.

प्रथम उपकरणे हातात द्यावीत. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची उभी नळी) ०.१ नॉर्मल (तीव्रतेचे एकक) सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने आणि पिपेट (ठरावीक द्रव मोजून घेण्याची नळी) गाळलेल्या रसाने विसळावे. शंकूपात्र मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे, कारण त्यात पिपेटने १० मिली रस मोजून घ्यायचा असतो आणि आधीच्या रसाचा अंश राहिल्यास ते १० मिली वाढतात. पिपेट तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा. ब्युरेटच्या तोटीतील हवेचा बुडबुडा घालवावा आणि नरसाळे काढून ठेवावे (हे नेमके विसरले जाते, आणि त्यातून पडलेला थेंब वाचन बिघडवतो). डोळे द्रवाच्या पातळीत आणून वक्र पृष्ठाचा तळ वाचावा. शंकूपात्रातील रसात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब घालून ब्युरेटमधून द्रावण सोडावे, आणि फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबावे. गडद गुलाबी म्हणजे द्रावण जास्त पडले.

जर्नलमध्ये उद्देश, साहित्य आणि कृती थोडक्यात पुरे. खरा कस निरीक्षणांत लागतो. वाचने लगेच पेनाने तक्त्यात लिहावीत, चुकल्यास एक रेघ मारावी, खाडाखोड करू नये. तीन वाचने ०.१ मिलीच्या आत जुळावीत. समजा ८.४ मिली द्रावण लागले, तर द्रावणाच्या एक मिलीस ०.००७५ ग्रॅम टार्टारिक आम्ल या हिशेबाने १० मिली रसात ०.०६३ ग्रॅम, म्हणजे लिटरला ६.३ ग्रॅम. निष्कर्षात ‘द्राक्षे आंबट होती’ असे न लिहिता हा आकडा एककासह लिहावा.