इम्पोर्टेड मशीन घेताय? आधी ड्युटीचं गणित मांडा

हॉस्पिटलचं परचेस बघणाऱ्यांना एकच कळकळीचं सांगणं, कोटेशनमधला नुसता शेवटचा आकडा बघून पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका. डीलरकडून मूळ किंमत, कस्टम ड्युटी आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या, एचएसएन कोडसकट (टॅक्ससाठी मालाच्या वर्गाचा नंबर).

समजा मशीन 10 लाखाचं आहे आणि त्यावर साडेसात टक्के बेसिक ड्युटी लागते, म्हणजे 75,000, त्या ड्युटीवर 10 टक्के सोशल वेलफेअर सरचार्ज 7,500, शिवाय मूळ किमतीवर 2020 च्या बजेटपासूनचा 5 टक्के हेल्थ सेस 50,000, झाले 11,32,500, आणि या सगळ्यावर 5 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) धरला की 11,89,125. पेशंटच्या उपचारांवर जीएसटी नसतो त्यामुळे आपल्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, तो टॅक्स सरळ खर्चात जातो, आणि हेच लोक विसरतात!

ड्युटीचा रेट साधारणपणे बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टमकडे द्यायचा कागद) भरायच्या दिवसाचा लागतो, पीओच्या तारखेचा नाही. म्हणून जानेवारीत ऑर्डर देताय आणि माल बजेटनंतर येणारे तर पीओमध्ये स्पष्ट लिहा की ड्युटी वाढली तर कोण भरणार आणि कमी झाली तर फायदा आपल्याला मिळणार. डॉलरचा रेटही तसाच बांधून घ्या.

आणि स्पेअर, प्रोब (मशीनचा पेशंटला लावायचा भाग), किट यांचे पाच वर्षांचे भाव आधीच मागा, आमच्याकडे मशीन स्वस्तात आलं पण प्रोब बदलताना जीव गेला.