शिकवण्याचे व्हिडिओ रेकॉर्ड करायला सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

सॉफ्टवेअर निवडताना सगळे विचारतात, रेकॉर्डिंग कसं होतं? दुरुस्ती कशी होते, हे फारसं कोणी विचारत नाही. अभ्यासक्रमातली एक व्याख्या बदलली, की मग अख्खा तास पुन्हा घ्यायची वेळ येते. केवळ स्लाइडवरून शिकवत असाल तर पॉवरपॉइंटचं स्वतःचं रेकॉर्डिंग पुरे. त्यात आवाज स्लाइडगणिक वेगळा साठतो, त्यामुळे चुकलेली तेवढी स्लाइड पुन्हा बोलून टाकता येते. एक पथ्य मात्र पाळा: एक स्लाइड जाऊन दुसरी येईपर्यंत गप्प राहा. त्या वेळचं बोलणं रेकॉर्ड होत नाही आणि वाक्यं तुटल्यासारखी ऐकू येतात.

कोडिंग किंवा एखादं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं असेल तर माझं मत ओबीएस स्टुडिओ या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरला. मोफत आहे, वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटणारा कंपनीचा शिक्का) नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एडिटिंग त्यात होत नाही, त्यासाठी शॉटकटसारखं एडिटिंगचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पहिल्याच दिवशी पडदा काळा दिसला म्हणून पुष्कळ जण ते काढून टाकतात. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर हे बरेचदा होतं, कारण पडदा एका चिपवर चालतो आणि ओबीएस दुसऱ्यावर. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सच्या पानावर ओबीएससाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडा आणि ओबीएस बंद करून पुन्हा उघडा.

दुसरा घोळ फाइलचा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना लॅपटॉप मध्येच बंद पडला, तर फाइल बहुधा उघडतच नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल प्रकारात तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. ते नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतल्या रीमक्सने (फक्त फाइलचा प्रकार बदलणारी सोय) एमपी४ करून घ्या. चित्राचा दर्जा जराही घटत नाही.

आयत्या साधनांच्या मर्यादाही आधीच बघून ठेवा. विंडोजचा गेम बार एकाच अ‍ॅपची खिडकी टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर दाखवायचं असेल तर तो कामाचा नाही. सशुल्क सॉफ्टवेअरची ट्रायल घेतलीत, तर दोन मिनिटांचा नमुना एक्सपोर्टपर्यंत नेऊन बघा. वॉटरमार्क बरेचदा तिथेच उगवतो.

विद्यार्थ्याच्या डेटाचा हिशोब तर राहूनच जातो. २५०० केबीपीएसने (सेकंदाला इतके किलोबिट) ४५ मिनिटांचा व्हिडिओ सुमारे ८४० एमबी भरतो, ८०० केबीपीएसने २७० एमबी. स्लाइड हलत नाहीत, त्यामुळे सेकंदाला १० ते १५ फ्रेम (चित्रं) पुरतात. रिझोल्यूशन मात्र कमी करू नका, अक्षरं फुटतात. आणि हो, तयार व्हिडिओ एकदा मोबाइलवर बघा. तुमच्या मोठ्या पडद्यावर ठसठशीत दिसणारा कोड तिथे मुंग्यांची रांग होतो.

आवाज खोल डब्यातून आल्यासारखा वाटला तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी हेडफोन बघा. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा बहुधा फोन कॉलइतका खाली येतो. साधा वायरचा माइक बरा.

मोबाइलवर घेतलेला फळ्याचा व्हिडिओ एडिटरमध्ये टाकल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू मागेपुढे होत गेले, तर संशय फ्रेमच्या वेगावर घ्या. मोबाइल तो सतत कमीजास्त करत असतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट (एकसारखा वेग) निवडून फाइल बदलून घ्या आणि मगच एडिटिंगला बसा.