बारावी, नीट आणि रखडलेलं जर्नल

वेळापत्रक कोलमडतं ते बहुतेक वेळा जर्नलमुळे. बोर्डात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी 30 गुण प्रॅक्टिकलचे. सह्या राहिल्या की ऐन परीक्षेच्या तोंडावर रात्री आकृत्या काढण्यात जातात. यावर लागू पडलेला उपाय: प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी 40 मिनिटं. निरीक्षण तक्ता लॅबमध्येच भरायचा, घरी फक्त आकडेमोड आणि आलेख. टायट्रेशनची रीडिंगं चिठ्ठीवर लिहिली की चिठ्ठी हरवलीच म्हणून समजा.

नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण तिथेच. तरी दिवसातला सर्वांत ताजा तास भौतिकशास्त्राला द्यावा. एनसीईआरटीचं जीवशास्त्र बसमध्येही वाचून होतं, रोटेशनल मोशनची गणितं होत नाहीत.

एनसीसीची परेड, गणपती, घरचं लग्न आधीच कॅलेंडरवर टाका. रविवारची दुपार मॉक टेस्टची, 2 ते 5, खऱ्या पेपरच्याच वेळेत; चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्याच संध्याकाळी चुकांच्या वहीत तीन रकाने: संकल्पना कच्ची, आकडेमोड चुकली, प्रश्नच धड वाचला नाही. तिसरा भराभर भरतो.